लॉर्ड जॉनचं पुस्तक अर्ध्यावरून परत का येतं

प्रश्न असा आला आहे: "'आउटलँडर'चे सगळे खंड मी आणि आईने मिळून वाचले, मालिकाही पाहिली. त्यातल्या लॉर्ड जॉनवरची वेगळी रहस्यकथा मोठ्या हौसेने आणली, पण शंभर पानांच्या पुढे गाडी सरकेना. आमच्या वाचनगटात पाच जणींपैकी तिघींचं हेच झालं. एकीला मात्र ती मूळ मालिकेहून आवडली. चुकतंय कुणाचं? वाचायचीच झाली तर ही पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचू? आणि आईला (वय ७३) देऊ का?"

कुणाचंच चुकत नाही. तुमच्या गटात जे झालं ते माझ्या टेबलापाशी कित्येक वर्षं होत आलंय. पुण्यात मी २६ वर्षं वाचनालय चालवते. इंग्रजी रहस्यकथांचं कपाट पहिल्यापासून माझ्याकडे आहे, आणि महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस सभासद एका पुस्तकावर बोलायला बसतो. लॉर्ड जॉनवर आम्ही दोनदा बसलो. दोन्ही वेळा दिवे मालवल्यावरही लोक जिन्यात उभे राहून बोलत होते.

पुस्तक कुणी कुठवर वाचलं हे मला विचारावं लागत नाही. पेपरबॅक जिथपर्यंत उघडलं जातं तिथपर्यंत कण्यावर पांढऱ्या सुरकुत्या पडतात, पुढचा भाग करकरीत राहतो. मूळ मालिकेच्या खंडांचे कणे या टोकापासून त्या टोकापर्यंत पार चुरगळलेत. दोन तर मी स्वतः खळ लावून पुन्हा बांधले. 'लॉर्ड जॉन अँड द प्रायव्हेट मॅटर'च्या आमच्या प्रतीला पहिल्या एक तृतीयांशात सुरकुत्यांचं जाळं आहे, पुढे एखाददुसरीच रेघ. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवरही तेच दिसतं. तीन दिवसांत परत, चार दिवसांत परत, दोन दिवसांत परत, आणि मधेच एकाच सभासदाच्या नावावर सलग दोनदा पंधरा-पंधरा दिवस. त्या बाईंनी नंतर स्वतःची प्रत विकत घेतली. तुमच्या गटातली ती एक मैत्रीण आणि आमच्या या बाई एकाच वळणाच्या वाचक असणार.

ज्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डायना गॅबल्डन यांची ही मालिका १९९१ मध्ये सुरू झाली. नववा खंड २०२१ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात नर्स असलेली क्लेअर १९४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या दगडांच्या वर्तुळातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते आणि तिथे तिला जेमी फ्रेझर हा स्कॉटिश तरुण भेटतो. लॉर्ड जॉन ग्रे पहिल्यांदा दिसतो तो १९९२ च्या दुसऱ्या खंडात. सोळा वर्षांचा इंग्रज पोर, स्कॉटिश बंडखोर आणि इंग्रज यांच्यातल्या प्रेस्टनपॅन्सच्या लढाईच्या आधी रात्री जेमीच्या छावणीत शिरतो आणि स्वतःचा हात मोडून घेतो. तिसऱ्या खंडात तोच पोरगा आर्ड्सम्युअरच्या तुरुंगाचा अधिकारी होऊन येतो, आणि कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाल्यावर धरलेला जेमी तिथे त्याचा कैदी असतो. दोघं बुद्धिबळ खेळतात. एका संध्याकाळी जॉन जेमीच्या हातावर हात ठेवतो, आणि जेमी अगदी शांतपणे सांगतो की हात काढला नाहीस तर जीव घेईन. हा प्रसंग ज्याने वाचलाय त्याच्या मनातून जॉन जात नाही. 'त्याचं पुढे काय?' हा प्रश्न घेऊनच वाचक लॉर्ड जॉनच्या पुस्तकांकडे येतो.

पण ही पुस्तकं त्या प्रश्नातून जन्मलेली नाहीत, आणि घोटाळा इथेच सुरू होतो. १९९८ मध्ये इंग्लंडात ऐतिहासिक गुन्हेकथांचा एक संग्रह निघाला. त्यासाठी गॅबल्डन यांच्याकडे कथा मागितली गेली आणि त्यांनी लॉर्ड जॉनला घेऊन एक छोटी खूनकथा लिहिली. मग दुसरी कथा लिहायला बसल्या, ती वाढत गेली आणि २००३ मध्ये कादंबरी होऊन बाहेर पडली. तीच तुमच्या हातातली. म्हणजे मुळात मागणी होती रहस्यकथेची, आणि नायक शोधला गेला मालिकेतून. ऊस कापल्यावर खोडक्याला फुटवा येतो, तसा हा प्रकार. मूळ त्याच उसाचं असतं, पण वाढ स्वतःची आणि स्वतःच्या चालीने.

आमच्या पहिल्या बैठकीत तक्रार एकच होती: "जेमी कुठाय?" तो या पहिल्या कादंबरीत जॉनच्या मनात आहे, समोर जवळजवळ नाहीच. वर्ष १७५७, ठिकाण लंडन, आणि जेमी दूर उत्तरेला हेल्वॉटरच्या जहागिरीत घोड्यांची देखभाल करतोय. बहुतेकींनी पुस्तक तिथेच मिटलं. मलाही बरेच दिवस वाटायचं की कारण एवढंच आहे. पण मग लक्षात आलं की मूळ मालिकेतही जेमी शेकडो पानं गायब असतो आणि तरी कुणी पुस्तक मिटत नाही. तेव्हा कारण दुसरं काहीतरी असणार.

ते कारण क्लेअर आहे. मालिकेत क्लेअर स्वतः 'मी' म्हणून आपल्याशी बोलते. ती आपल्या शतकातली. तिला जंतू माहीत आहेत, पेनिसिलिन माहीत आहे, मोटार माहीत आहे. अठराव्या शतकातला वास, घाण, औषधं, बायकांची कुचंबणा, सगळं ती आपल्या नजरेने बघते आणि आपल्या कानात सांगते. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तशी ती आहे. तिच्यामुळे आपण त्या शतकात पाहुणे म्हणून राहू शकतो. लॉर्ड जॉनच्या पुस्तकात हे माहेरचं माणूस नाही. गोष्ट तृतीय पुरुषात आहे, आणि जॉन त्याच शतकात जन्मलेला. त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही, त्यामुळे आपल्याला कुणी काही समजावून देत नाही. क्लबातले शिष्टाचार, रेजिमेंटमधली पदं, कुठल्या घराण्याचं कुणाशी काय, हे सगळं आपण आपापलं उचलायचं.

तुम्ही पहिलं प्रकरण आठवा. जॉन क्लबात आहे. आडोशाला पडद्यामागे ठेवलेल्या भांड्याशी तो आणि त्याच्या नात्यातल्या एका बहिणीचा नियोजित नवरा शेजारी शेजारी उभे आहेत, आणि जॉनची नजर ओझरती जाते तर त्या माणसाला नको त्या जागी व्रण दिसतो. उपदंश. लग्न काही आठवड्यांवर आलंय. क्लेअर तिथे असती तर तिने आपल्याला रोग समजावला असता, पाऱ्याच्या उपचाराने दात कसे पडतात ते सांगितलं असतं, नवरीची काळजी आपल्या शब्दांत मांडली असती. जॉन यातलं काही करत नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच: आपण पाहिलं हे कबूल न करता हे लग्न मोडायचं कसं? कारण पाहिलं म्हणावं, तर का पाहत होतास असं कुणीतरी विचारणार.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबा. तुमच्या मैत्रिणीला जे सापडलं आणि तुम्हाला अजून सापडायचंय, ते इथे आहे.

जॉनला पुरुष आवडतात. त्या इंग्लंडात याला फाशी होती. १५३३ पासून तो कायदा होता, मृत्युदंड १८६१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि शेवटची दोन माणसं १८३५ मध्ये लटकवली गेली. लंडनमध्ये अशा पुरुषांच्या भेटीगाठींची घरं असायची, त्यांना 'मॉली हाउस' म्हणत. १७२६ मध्ये होल्बर्नजवळच्या मदर क्लॅप नावाच्या बाईच्या घरावर छापा पडला, चाळीसेक माणसं धरली आणि तिघांना टायबर्नला फाशी दिलं. जॉनचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झालेला दाखवलाय. फाशी चुकलीच तर खोडा होता. भर चौकात मान आणि हात फळीत अडकवून उभं करायचे आणि लोक चिखल, मेलेली मांजरं, दगड फेकायचे. त्यातही माणसं मरत.

आता अशा माणसाला शोधकर्ता करा. रहस्यकथेत शोधणारा सुरक्षित असतो. तो दुसऱ्याची गुपितं उघडी पाडतो, त्याचं स्वतःचं काही पणाला लागत नाही. इथे उलट आहे. जॉन ज्याला ज्याला कोपऱ्यात गाठतो, त्याच्या हातात जॉनचाही गळा असू शकतो. पहिल्या कादंबरीत हिरव्या मखमलीच्या झग्यातलं एक प्रेत सापडतं आणि त्याचा माग काढत जॉनला अशा एका घराच्या दारात जावं लागतं, जिथे तो पूर्वी स्वतःच्या पायांनी गेलेला आहे. दारातला माणूस त्याला ओळखतो की नाही, ओळखून गप्प बसतो की नाही, या एका गोष्टीवर पुढची सगळी पानं उभी आहेत. खुनी कोण यापेक्षा मला प्रत्येक वेळी याचीच धाकधूक लागते: प्रश्न विचारणारा स्वतः किती उघडा पडेल?

क्लेअरचंही तसंच एक गुपित आहे, ती काळाच्या पलीकडून आली हे. पण ते तिने आपल्याला पहिल्याच खंडात सांगून टाकलं, त्यामुळे आपण तिच्या बाजूला बसून इतरांकडे बघतो. जॉन स्वतःशीही जपून बोलतो. मनातल्या मनातही तो जेमीचं नाव पटकन घेत नाही. ज्यांना पुस्तक थंड वाटलं त्यांना या जपण्याचा गारवा लागला, असं मला वाटतं. वाचक म्हणून त्यांची जाण अचूक आहे. फक्त हा गारवा लेखिकेने मुद्दाम ठेवलाय.

आणखी एक गोष्ट मी सभासदांना आवर्जून सांगते, म्हणजे तपासाच्या बारीकसारीक गोष्टींवर रेंगाळायला त्यांना बरं वाटतं. १७५७ च्या लंडनमध्ये आपण म्हणतो तसं पोलिसखातंच नव्हतं. ते १८२९ मध्ये आलं. हेन्री फील्डिंग या न्यायाधीशाने १७४९ मध्ये बो स्ट्रीटवर मूठभर माणसं ठेवली होती, त्याच्यामागे त्याचा अंध सावत्रभाऊ जॉन फील्डिंग ते काम बघत होता, बस. त्यामुळे लष्करी अधिकाऱ्याने खुनाचा तपास करणं यात ओढूनताणून काही नाही. त्याच्याकडे असतं काय? पत्रं, ओळखी, दरारा, थोडे पैसे आणि एक नोकर.

त्या नोकराबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. टॉम बर्ड नावाचा पोरगा. त्याचा भाऊ त्या नवरदेवाकडे कामाला होता आणि नाहीसा झालाय. भावाला शोधायला टॉम जॉनच्या मागे लागतो आणि मग त्याचा खाजगी नोकर होऊन राहतो. तो जॉनची दाढी करतो, चिखलाने बरबटलेला कोट बघून हळहळतो, आणि वस्तऱ्याची धार लावता लावता असं काहीतरी बोलून जातो की तपासाची दिशा बदलते. नोकरांच्या खोल्यांतलं, स्वयंपाकघरातलं, तबेल्यातलं लंडन आपल्याला टॉममुळे दिसतं. क्लेअरची जागा कुणी थोडीफार भरून काढत असेल तर हा पोरगा. त्याची दाढी करतानाची प्रकरणं सावकाश वाचा.

पण तुमच्या गटातल्या तिघींची बाजूही मला घ्यायची आहे. रहस्यकथा म्हणून ही पहिली कादंबरी सैल आहे. बहिणीचं लग्न, मारला गेलेला सार्जंट आणि त्याच्यावरचा हेरगिरीचा संशय, ते मखमलीतलं प्रेत, नाहीसा झालेला नोकर, असे चार धागे एकदम सुटतात आणि दीडशे पानांपर्यंत कुठला कशाला बांधलाय ते कळत नाही. उलगड्याचा मोठा भाग एका पात्राच्या तोंडून, एकाच बैठकीत येतो. आमच्या गटात कट्टर रहस्यकथावाले चार जण आहेत. खून कुणी केला हे मधल्या पानांवर कागदाच्या कपट्यावर लिहून ठेवायचं आणि शेवटी उघडून बघायचं, अशी त्यांची जुनी पद्धत. या पुस्तकाने त्यांना चांगलंच नाराज केलं. दुवे वाचकासमोर पुरेसे ठेवलेले नाहीत, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. छोटी कथा म्हणून सुरू झालेली गोष्ट वाढत गेली की असं होतं. पाया एका खोलीचा घातला आणि वर मजला चढवला, तर भिंती कुठेतरी कुरकुरतात.

इतिहासवाल्यांची तक्रार वेगळी. दुसऱ्या कादंबरीत, 'लॉर्ड जॉन अँड द ब्रदरहुड ऑफ द ब्लेड'मध्ये, २३ जून १७५८ ची क्रेफेल्डची लढाई आहे. इंग्रजांच्या बाजूचा सेनापती फर्डिनांड याने तिथे फ्रेंचांना हरवलं, हे खरं. पण त्याच्या सैन्यात हॅनोव्हर, हेस, ब्रन्सविक आणि प्रशियाचीच माणसं मुख्यतः होती. इंग्रजांची मोठी तुकडी त्या उन्हाळ्यात नंतर जाऊन मिळाली. कादंबरीत मात्र जॉन आणि त्याच्या भावाची रेजिमेंट लढाईत आहे. एक निवृत्त प्राध्यापक सभासद यावर फार अडून बसले. मी त्यांना म्हटलं, तोफखान्याचं प्रकरण वाचा आणि मग सांगा. तोफेचं तोंड ओल्या फडक्याने पुसणं, दारू भरणं, पलिता देणं, आणि सतत तेच करताना माणसांचे कान बहिरे होणं, हे इतक्या जवळून आलंय की तेही शांत झाले. आणि आपल्याला या तारखेची एक वेगळी खूण आहे. बरोबर एक वर्ष आधी, २३ जून १७५७ ला, प्लासी झाली. पुढे लॉर्ड जॉन आयर्लंडात खुन्याच्या मागावर असतो तो १७६० चा काळ. त्यानंतर काही महिन्यांत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत. तेच इंग्रज-फ्रेंच युद्ध, म्हणजे सप्तवार्षिक युद्ध, युरोपात, कॅनडात आणि आपल्याकडे तेव्हाच्या कर्नाटकात (आजच्या तमिळनाडूच्या बाजूला) एकाच वेळी चाललं होतं. मी गटात फळ्यावर दोन रकाने करून या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हापासून त्या पुस्तकातलं शतक आमच्या लोकांना परकं राहिलं नाही.

आता ज्यावर आमच्याकडे खरी बोलाचाली झाली ते. पहिल्या बैठकीत दोघा-तिघांनी स्पष्टच विचारलं, "नायक असा कशाला?" दोघींचा आक्षेप बरोबर उलटा होता. एका न मिळणाऱ्या, पुरुषांवर प्रेम न करणाऱ्या माणसासाठी आयुष्यभर झुरणारा, असाच समलिंगी नायक का रंगवायचा? त्याला सुख का नाही? दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, आणि त्याला लेखिकेने पुढच्या पुस्तकात उत्तर दिलंय. 'ब्रदरहुड'मध्ये जॉनच्या आयुष्यात पर्सी वेनराइट येतो. जॉनची आई पुन्हा लग्न करतेय आणि पर्सी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा सावत्र मुलगा. हे झुरणं नाही, समोरासमोरचं, हसतंखेळतं नातं आहे. आणि मग पर्सीवर जे संकट येतं ते त्याच कायद्याचं. जॉनने खरं बोलावं की माणूस वाचवावा, या पेचात तो जे करतो त्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. मी ते इथे सांगणार नाही.

आमची दुसरी बैठक २०१८ च्या सप्टेंबरनंतर झाली. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं होतं. ते कलम आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतून आलं, आणि त्याची मुळं जॉनच्या गळ्याभोवती असलेल्या त्याच इंग्रजी कायद्यात आहेत. पहिल्या बैठकीत "कशाला" म्हणणारे आमचे एक सभासद बँकेतून निवृत्त झालेले. या वेळी ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या शाखेत एक जण आठ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. कधी कुणाला घरी बोलावलं नाही, कधी स्वतःविषयी बोलला नाही. आम्ही त्याला शिष्ट म्हणायचो. त्याचं काय होतं ते मला माहीत नाही. पण हे पुस्तक वाचताना वाटलं, तो आमच्याशी किती सांभाळून बोलत असेल." त्यानंतर कुणी वाद घातला नाही. मालिकेतून फुटलेल्या एका खूनकथेने हे केलं, आणि म्हणूनच मी हे पुस्तक कपाटातून काढून टाकत नाही, कितीही वेळा अर्ध्यावरून परत आलं तरी.

क्रमाचं विचारलंत. कथेतल्या काळाप्रमाणे पाहिलं तर १७५६ ते १७६२ अशी ही मांडणी आहे, मध्ये मध्ये लघुकादंबऱ्या पेरलेल्या. पण क्रम पाळायचा म्हणून जे हातात अडकलंय तेच रेटत बसू नका. 'प्रायव्हेट मॅटर' आहे तिथे खूण घालून ठेवा आणि थेट 'ब्रदरहुड ऑफ द ब्लेड' घ्या. त्यासाठी आधीचं एवढंच माहीत असलं तरी पुरतं: टॉम कोण आहे, आणि स्टेफान फॉन नामट्सेन हा जर्मन अधिकारी जॉनचा मित्र आहे. 'ब्रदरहुड'मधलं रहस्य घरातलं आहे. सतरा वर्षांपूर्वी जॉनचे वडील गेले. आत्महत्या म्हणून ते प्रकरण मिटवलं गेलं आणि घराण्यावर राजद्रोहाचा डाग राहिला. आता त्यांच्या रोजनिशीचं एक पान अचानक समोर येतं. हा धागा एकच आणि घट्ट आहे. शिवाय जेमीही भेटतो. हेल्वॉटरच्या तबेल्यात दोघांचं जे कडवं बोलणं होतं, त्यासाठी तरी हे पुस्तक वाचाच. आर्ड्सम्युअरच्या त्या संध्याकाळनंतर दोघांनी एकमेकांना जे सांगितलं नव्हतं ते तिथे तोंडातून निघतं आणि दोघंही रक्तबंबाळ होतात, हात न लावता.

त्यानंतर 'द कस्टम ऑफ द आर्मी' ही लघुकादंबरी. तिची सुरुवात लंडनमध्ये विजेचा धक्का देणाऱ्या माशाभोवती भरलेल्या मेजवानीने होते आणि शेवट १७५९ च्या क्वेबेकच्या लढाईत. तिथे जॉनच्या हाती एका भ्रष्ट अधिकाऱ्याविरुद्धचे कागद येतात, आणि त्याच कागदांतून 'द स्कॉटिश प्रिझनर' सुरू होते. २०११ चं हे पुस्तक तुमच्या गटातल्या सगळ्यांना आवडेल. एक मजकूर आयरिश भाषेतला आहे, तो वाचायला माणूस हवा, म्हणून हेल्वॉटरहून जेमीला बोलावणं येतं. पुढे दोघांना एकत्र आयर्लंडला जावं लागतं. प्रकरणं आलटून पालटून जॉनच्या आणि जेमीच्या नजरेतून येतात. तिसऱ्या खंडात जेमीची हेल्वॉटरची वर्षं भरभर उरकली होती, त्यांच्यात नेमकं काय घडलं ते इथे आहे. एकमेकांशी अबोला धरलेली दोन माणसं एका बोटीत, एका खाणावळीत, एका खुनाच्या मागावर; त्यांच्यातली मैत्री पुन्हा कशी जुळत जाते ते डोळ्यांसमोर दिसतं. आमच्या प्रतीचा कणा पूर्ण चुरगळलेला आहे.

हे झालं की 'प्रायव्हेट मॅटर'कडे परत या. तोवर जॉन ओळखीचा झालेला असेल, आणि ज्या पानावर तुम्ही थांबलात तिथपासूनचा गारवा बोचणार नाही. 'हँड ऑफ डेव्हिल्स'मधल्या तीन छोट्या गोष्टी आणि जमैका, हवानाच्या गोष्टी सवडीने वाचल्या तरी चालतील. एक मात्र लक्षात असू द्या. मूळ मालिकेच्या २००९ च्या सातव्या खंडात पर्सी वेगळ्या आडनावाने परत येतो. ज्यांनी 'ब्रदरहुड' वाचलेलं नसतं त्यांना तो कुणीतरी गोड बोलणारा उपरा माणूस वाटतो. तुम्हीही तो खंड वाचलाय, पण तेव्हा पर्सी कोण ते तुम्हाला माहीत नव्हतं. 'ब्रदरहुड' संपल्यावर ती पानं पुन्हा काढून बघा. जॉन त्याच्याशी इतका तुटक का वागतो ते तेव्हा कळेल.

राहिला आईंचा प्रश्न. मूळ मालिका त्यांनी तुमच्याबरोबर पूर्ण वाचली असेल तर त्यात प्रणय, बलात्कार, चाबकाचे फटके, शस्त्रक्रिया हे सगळं येऊन गेलंय. लॉर्ड जॉनच्या पुस्तकांत त्याहून जड काही नाही. 'ब्रदरहुड'मध्ये दोन पुरुषांच्या जवळिकीचा एक प्रसंग सविस्तर आहे आणि लढाईतल्या जखमा आहेत, तेवढं आधी सांगून ठेवा म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. आमच्याकडे ७८ वर्षांच्या एक आजी सभासद आहेत. त्यांना मी बिचकत 'स्कॉटिश प्रिझनर' दिलं होतं. आठ दिवसांनी भिंग पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, "अगं, यांच्या त्या भानगडींचं काय, मी पंचावन्न वर्षं संसार केलाय. त्या टॉमचं पुढे काय झालं ते आधी सांग." पेपरबॅकची अक्षरं बारीक आहेत, एवढीच त्यांची तक्रार होती, आईंना टॅबवर मोठ्या अक्षरांत लावून दिलंत तर बरं. सुरुवात आईंनाही त्या आजींप्रमाणे 'स्कॉटिश प्रिझनर'पासूनच करू द्या, आणि त्या वाचत असतील तेव्हा तुम्ही 'ब्रदरहुड' घ्या, म्हणजे जेवताना दोघींना एकमेकींपासून काहीतरी लपवावं लागेल.